ट्रॅकवर सोयाबीन

३० मार्च, पाडवा. सकाळी.
गुढी उभी केली, सोबत संकल्पही. ड्रायव्हर ट्रेनिंग सेंटर काढायचं. पोरासोरांना कार शिकवायचं दुकान नव्हे. ट्रक, टँकर, ट्रेलर चालवून पोट भरणाऱ्यांचं, सरकारी मान्यतेचं सेंटर. मी दुधाचा टँकर उभी हयात चालवला, कोडोली ते मुंबई, घाट धरून. आत दुधाचं कधी लोणी होऊ दिलं नाही. एवढा हात घरात बसून गंजवायचा काय?
दुसरं कारण वहीत लिहायला हरकत नाही. आमचा सम्राट. गुजरात लाइनला कंटेनरवर आहे. महिन्याकाठी एकदा घरी येतो, तोही झोपायला. सूनबाई अनुजाला तिसरा लागलाय. बाळ येईल तेव्हा बाप दारात पाहिजे. सेंटर निघालं की सम्राट हेड ट्रेनर. दसऱ्यापर्यंत उरकतंय सगळं.
चिमणाला सांगितलं. ती म्हणाली, अहो, आधी गुढी सरळ करा, पडतीया.
केली.

९ एप्रिल.
कोल्हापूरला आरटीओ ऑफिसात गेलतो. क्रांती मॅडम म्हणून आहेत. वयाने लहान, पण बसा म्हणाल्या. नियम वाचून दाखवले. दोन एकर जागा, डांबरी नाहीतर काँक्रीटचा ट्रॅक, त्यात इंग्रजी आठ आणि चढ, एक वर्ग, एक सिम्युलेटर, म्हणजे जागेवर बसून गाडी शिकायचं यंत्र. शिकवणारा बारावी पास, मेकॅनिकचा दाखला असलेला, आणि त्याची लेखी संमती.
मी म्हटलं, मी सातवी आहे. त्या म्हणाल्या, काका, मधी पाच वर्षं कमी पडतात. मी म्हटलं, ती पाच वर्षं मी क्लीनर होतो, म्हणजे हिशोब बरोबर जुळतो. मॅडम हसल्या. हसल्या म्हणजे निम्मं काम झालं.
शिवाय सम्राट बारावी आहे, वर आयटीआय. जागा आहे. राहिलंय काय?

२ मे.
घरापुढचा ऊस तुटला होता, खोडवा ठेवला नाही. नांगरून सपाट केलं. चिमणा दोन दिवस बोलत नाही. तिला दूरचं दिसत नाही.
गुंडू आला. माझा टँकरवरचा जुना क्लीनर. त्याला असिस्टंट ट्रेनर नेमलं. म्हणाला, मालक, मला गाडी येत न्हाय की. मी म्हटलं, गाडी मागं घेताना तुला फक्त मागनं आवाज द्यायचाय, तेवढंच कर. ते मात्र त्याला जन्मापासून येतं.
सम्राटला फोन केला. संमतीपत्राचं सांगितलं. मागे हॉर्न वाजत होते. म्हणाला, बघू अप्पा.
बघू म्हणाला. म्हणजे हो.

३ मे.
डांबरवाला येऊन गेला. त्याचा आकडा वहीत लिहीत नाही, चिमणा वाचेल.
पण रात्री विचार केला. डांबर कशाला? उन्हात पाघळतं. काँक्रीटला तडे जातात. आमचे वडील खळं करायचे. मुरूम, वर पाणी, वर दगडी रूळ, मग शेणाचं सारवण. मळणीला बैल फिरायचे दिवसभर, पोपडा निघत नव्हता. तसाच ट्रॅक करायचा. नियम लिहिणाऱ्यानं खळं बघितलं नसेल, त्याची काय चूक? एकदा बघितलं की नियम बदलतील.

१७ मे.
बोर्ड रंगवून आला. 'गणपतराव प्रोफेशनल ड्रायव्हर ट्रेनिंग सेंटर (शासनमान्य)'. पेंटर म्हणाला, मान्यता आली व्हय? म्हटलं, रंग वाळेपर्यंत येते.

२८ जून.
चार दिवस झड. मुरूम गेला. शेजारचे तात्यासाहेब बांधावरनं ओरडून म्हणाले, गणपतराव, तुमचा ट्रॅक माझ्या उसात आलाय की! शिकवणी आता हिकडंच घेणार काय?
तात्यासाहेब सज्जन माणूस. रोज देवळात जातो, सूर्य मावळायच्या आत जेवतो. पण जिभेला हाड नाही.
पाऊस ही सेंटरची अडचण नव्हे. पाण्याचा निचरा कुठून होतो ते फुकटात कळलं.

११ जुलै.
सिम्युलेटर तयार. विकतचा घेणारे लोक वेडे झालेत. भंगारातनं जुन्या टँकरची सीट आणली, स्टिअरिंग आणलं, गिअरचा दांडा आणला. गोठ्यात पत्र्याखाली बसवलं, कारण कोरडी जागा तेवढीच. सीटवर बसलं की समोर म्हैस येते. गुंडू म्हणाला, मालक, पडदा लागतोय नव्हं, रस्ता दिसायला. मी म्हटलं, आपल्याकडं रस्त्यावर काय दिसतं? म्हैसच. आणि पडद्यावरची म्हैस हॉर्नला दचकत नाही, ही दचकते.
अनुजा हसली. खूप दिवसांनी हसली. सातव्या महिन्यात न्यायचंय तिला मुरगूडला, माहेरी. म्हणाली, मामंजी, ह्यांचा फोन आला तर विचारा की कधी येणार ते. मला नीट सांगत न्हाईत.
म्हटलं, दसऱ्याला कायमचा येतोय. लेखी घे.

२९ ऑगस्ट. गणपतीत.
सम्राट आला. पहिला दिवस झोपला. दुसऱ्या दिवशी त्याला सगळं फिरवून दाखवलं. चिखलात उभा राहून बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, अप्पा, डांबर टाकायला लागंल. म्हटलं, खळ्यासारखं करतोय. तो वाकून चपलेचा चिखल काढायला लागला. भारावला असणार.
संमतीपत्र पुढं केलं. बघू म्हणाला. जाता जाता म्हणाला, कंपनी तिकडं तमिळनाडूत होसूरला पाठवतीय, कसलंसं ट्रेनिंग हाय, दोन महिन्यांचं. म्हटलं, जा की. दाखला मिळाला तर आपल्या सेंटरला फ्रेम करून लावू.
चिमणा आत जाऊन भांडी घासायला लागली. भांडी सकाळीच घासली होती.

२५ सप्टेंबर.
उघडीप आहे. ट्रॅक पुन्हा केला. मुरूम, पाणी, रूळ. मग गल्लीतल्या बायका आल्या, चिमणानं बोलावल्या. नवरात्राचे उपास धरून सगळं सारवून काढलं. वर चुन्याच्या फक्कीनं आठ आखला. संध्याकाळच्या उन्हात असा काय चकाकत होता! तात्यासाहेब बांधावर आले आणि पहिल्यांदा काही लागट बोलले नाहीत. नुसते म्हणाले, असलं खळं आता तालुक्यात न्हाई.
म्हटलं, ट्रॅक म्हणा.

३ ऑक्टोबर.
काल दसरा. स्टिअरिंगला झेंडूचा हार घातला. म्हशीनं खाल्ला.
सम्राट आला नाही. होसूरलाच आहे. ठीक. दिवाळी म्हणजे काय लांब?
अर्ज टाकला होता, त्यावर ऑफिसातून निरोप आला, १४ तारखेला तपासणी. बघितलंस, चिमणाला म्हटलं. देर है अंधेर नहीं. ती म्हणाली, मराठीत बोला.

६ ऑक्टोबर.
मुरगूडला मुलगी झाली! बाळ, बाळंतीण सुखरूप. सम्राटनं मोबाईलवर बघितली. चिमणानं फोन बाळाच्या तोंडासमोर धरला. म्हणाला, आई, जवळ धर. मग रेंज गेली.
संमतीपत्राचं विचारायला विसरलो. बरं नसतं दिसलं.

११ ऑक्टोबर.
तात्यासाहेब आले. आज वाकडं बोलणं नाही. सोयाबीन मळून झालंय, ओलसर आहे, ढग आलेत, डोंगरापलीकडं वाजतंय. म्हणाले, गणपतराव, एक दिवस पसरू द्या. उद्या संध्याकाळी उचलतो, आईची आण.
मी म्हटलं, तपासणी हाय १४ ला. ते म्हणाले, आज ११.
शेजाऱ्याचं धान्य सडताना बघत बसायचं का? तो माणूस माझ्या वडलांच्या तिरडीला खांदा द्यायला पहिला आलाय. पसरा म्हटलं. आठाच्या आत.

१२ ऑक्टोबर.
तात्यासाहेबांचं बघून खालच्या आळीतली माणसं आली. एकाला हो म्हणून दुसऱ्याला नाही म्हणता येत नाही. चढावर भुईमूग. वळणावर मूग. बायका फक्कीची रेघ मोडू नये म्हणून जपून चालतात, एवढं समाधान.
गुंडू म्हणाला, मालक, आता आठ दिसत न्हाय. मी म्हटलं, आत आहे की.

१४ ऑक्टोबर. तपासणी.
शांत डोक्यानं लिहितो.
मॅडम आल्या. सोबत एक साहेब आणि मागं ऑफिसची अवजड गाडी, ट्रॅकवर फिरवून बघायला. तात्यासाहेबांचं सोयाबीन तिथंच. काल दव पडलं, अजून वाळलं नाही. त्यांची मान खाली, मी काय बोलणार?
मॅडमनी विचारलं, काका, ट्रॅक कुठंय? म्हटलं, हाय की, खाली. त्या पाय टाकणार तेवढ्यात आळीतल्या बायका ओरडल्या, ओ मॅडम, चप्पल! खळ्यावर चप्पल घालून जात न्हाईत, लक्ष्मी पसरलीया!
मी मध्ये पडून सांगायला हवं होतं की हे खळं नव्हे. पण खाली बघितलं तर माझी चप्पल मी कधीच बाहेर काढली होती. गुंडूची पण बाहेर. तसल्या तोंडानं काय सांगायचं?
मॅडमनी सँडल काढल्या. साहेबांनी बूट काढले, मोज्यांसकट. दोघं सोयाबीनमधनं अनवाणी चालत गेले. गाडी राहिली बाहेर. ड्रायव्हरनं विचारलं, घालू काय आत? सगळ्या आळीनं एका आवाजात न्हाय म्हटलं. टायरला चप्पल काढायला सांगता येत नाही.
सिम्युलेटर दाखवला. साहेब बसले. म्हशीनं त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी हॉर्न दाबला नाही. मी दाबा म्हणत होतो.
ट्रेनरची संमती मागितली. म्हटलं, पोराची आहे, तोंडी. दिवाळीला लेखी.
जाताना चिमणानं मॅडमना कुंकू लावून ओटी भरली. सोयाबीनचीच. तात्यासाहेबांनीच ओंजळ पुढं केली. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, काका, माझ्या आजोळचं खळं असंच होतं. मी लहान असताना गेलं.

१५ ऑक्टोबर.
विचार केला. एकंदरीत छाप चांगली पडली. अनवाणी चालणारा अधिकारी विरुद्ध लिहीत नसतो.

१८ ऑक्टोबर.
मुरगूडला बारसं झालं. नाव संयोगिता. सम्राट आला. पोरीला मांडीवर घेऊन हलला नाही, गाडीची वेळ होईपर्यंत. मी खिशात संमतीपत्र घेऊन गेलतो. काढलं नाही. त्याच्या मांडीवर जागा नव्हती.

४ नोव्हेंबर.
नामंजूर. पत्र आलं. ट्रॅक नियमाप्रमाणे नाही. सिम्युलेटर नाही. पात्र प्रशिक्षक नाही. जागेचा प्रत्यक्ष वापर शेतमाल वाळवण्यासाठी. खाली मॅडमची सही. वाचून राग येत नाही, यातच त्यांचं कसब.
अपील करायचं. डांबर टाकायचं. सगळ्यात आधी सम्राटची सही. फोन लावला. त्यानं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, अप्पा, मी सांगणारच होतो. होसूरला कंपनीचंच ट्रेनिंग सेंटर हाय. मान्यतेचं. मला तिथं ट्रेनर केलंय. खोली देत्यात. अनुजा आणि संयूला घेऊन जातो. आता रोज संध्याकाळी घरी असंन.
म्हटलं, ट्रॅक कसा आहे?
म्हणाला, डांबरी.
मी म्हटलं, चांगलं झालं. खरंच चांगलं झालं म्हटलं. त्याला माझा आवाज नीट आला नसावा, दोनदा विचारलं.
चिमणाला सांगितलं. तिला माहीत होतं. गणपतीपासून.

५ नोव्हेंबर.
घरात ट्रेनर निघाला. संकल्प पूर्ण झाला म्हणायला हरकत नाही. फक्त घर बदललं.

२३ नोव्हेंबर.
सोयाबीन गेलं, आता भात पसरलंय. विचारत नाहीत कुणी. 'गणपतरावांच्या खळ्यावर' म्हणून एकमेकांना पत्ता सांगतात. बोर्ड ताडपत्रीवर वजन म्हणून पडलाय, उताणा. शासनमान्य वर आलंय.
आज सम्राट टेम्पो घेऊन आला. सामान न्यायला. पाळणा, कपाट, अनुजाची शिलाई मशीन. मुरगूडहून आलेली अनुजा बाळाला घेऊन ओसरीवर बसली होती. टेम्पो मागं घेत दाराला लावायचा तर वाट ट्रॅकवरनंच. सम्राट चप्पल काढून उभा राहिला, भाताकडं बघत. तात्यासाहेब म्हणाले, पोरा, घाल आत, भात काय मेलं न्हाई त्यानं. बायकांनी फळ्यांनी भात सारून वाट केली. पूर्ण नाही जमली.
गुंडू मागं आवाज द्यायला पळाला. मी म्हटलं, तू बाजूला सर.
मी मागं उभा राहिलो. येऊ दे. येऊ दे. डावा घे थोडा. सरळ. येऊ दे. बास.
एका झटक्यात लावला दाराला. ना पुढं ना मागं. आठाच्या बरोबर मधनं आणला, जरी आठ कुणाला दिसत नव्हता.
सामान चढवलं. बाळानं माझं बोट धरलं होतं, ते अनुजानं सोडवलं. सम्राट पाया पडला. म्हणाला, अप्पा, तिकडं पहिल्या दिवशी पोरांना हेच शिकवतो, मागचा माणूस बास म्हणेपर्यंत ब्रेक मारायचा नाही.
टेम्पो गेला.
चिमणा फळी घेऊन भात सारखं करायला आली. चाकांचे दोन पट्टे उमटलेत, दारापासून रस्त्यापर्यंत.
म्हटलं, आजच्या दिवस राहू दे ते.