एकदा उतर म्हणावं

प्रिय शेपट्या,

आधी तुझं खरं नाव लिहून पाहिलं. पण पत्र एखाद्या कचेरीला लिहितोय असं वाटायला लागलं, म्हणून खोडलं. आमच्या घरात तू पहिल्यापासून शेपट्याच. नोकरीला लागल्या लागल्या तू जड खोकी मागच्या बाजूला रचलीस, शेपटीखाली टेकू लावायला विसरलास आणि अख्खं विमान नाक वर करून बसलं, ही गोष्ट आमच्या पोरीने जेवताना इतक्यांदा सांगितली की तुझ्या काकूला ती तोंडपाठ झाली होती. पुरे गं, त्या पोराला उचक्या लागून तो अर्धमेला होईल, असं ती म्हणायची.

काल तू फोनवर मोठ्या कंपनीतल्या निवडीची बातमी दिलीस आणि मी नुसतं ‘अरे वा’ म्हणून फोन ठेवला. काकांना आनंद झाला नाही असं तुला वाटलं असेल. तसं नाही. छोट्या मालवाहू कंपनीत जन्म काढायला कोणी येत नाही, उड्डाणाचे तास जमले की पुढची वाट धरायची, हे मला आमच्या पोरीनेच समजावलं होतं. या वर्षात तीही गेली असती. तू आता एकटा नसशील, शेजारी दुसरा पायलट असेल आणि पाठीमागे खोक्यांऐवजी माणसं, हे ऐकून मला बरंच वाटलं. पण फोन ठेवता ठेवता तू म्हणालास, काका, काळजी करू नका, माझ्या जागी जो येतोय त्याला मी घरावरची खूण शिकवून ठेवतो. तेव्हापासून माझं कशातच लक्ष नाही. मी तीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात कागद लिहिले. तिथे आधी विषय लिहायचा आणि मग मजकूर. इथे विषय मला ठाऊक आहे, पण हाताने लिहवत नाही. म्हणून जसं येईल तसं लिहितो, सांभाळून घे.

ती खूण कशी सुरू झाली हे बहुतेक तुला माहीत नसेल. पोरीला हा मार्ग मिळाला तेव्हा आमचं घर बरोबर त्याच्याखाली येतं हे तिने नकाशावर शोधून काढलं. पहिल्याच संध्याकाळी तिने कॉकपिटमधला प्रोपेलरचा दांडा मागेपुढे करून आवाज दोनदा खाली-वर केला. काकू स्वयंपाकघरातून पळत बाहेर आली. विमान बिघडलं असं तिला वाटलं. पोरगी घरी आली ती हसतच. आई, तो भोंगा होता, म्हणाली, तो ऐकलास की गॅस पेटवायचा, माल उतरवून मी पोचेपर्यंत जेवण तयार पाहिजे. एवढं शिकून शेवटी हमालीच, हा काकूचा ठरलेला टोमणा. त्यावर तिचं ठरलेलं उत्तर, हमाली खरी, पण पंखवाली. एकदा तिने कोंबडीची एक दिवसाची पिल्लं नेली होती. वाटभर त्यांचा कलकलाट चालला होता, तेव्हा तिने गाणं म्हटलं आणि ती गप्प बसली म्हणे. आमच्या खानदानात सुरात कोणी नाही. काकू म्हणाली, गप्प बसली नसतील, बेशुद्ध पडली असतील.

मग काकूला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. पोरगी पहाटे दवाखान्यात यायची, आईचे केस विंचरायची आणि तिथूनच धावपट्टीवर जायची. त्या दिवशीही तशीच गेली. पुढचं, ते धुकं आणि तो डोंगर, माझ्यापेक्षा तुला जास्त माहीत आहे. तिच्या शेवटच्या निरोपाच्या वेळी तू माझ्या शेजारी उभा होतास. काकू कशा आहेत, असं तू विचारलंस आणि मी म्हणालो, आयसीयूत आहे. ते खरं होतं. जे सांगितलं नाही ते आज सांगतो. तुझ्या काकूला अजून माहीत नाही.

डॉक्टर म्हणाले होते, सध्या सांगू नका, धक्का सोसणार नाही. सध्या या शब्दाला धरून मी एकेक दिवस ढकलला. काकू घरी आली. तिची खाट मी खिडकीपाशी लावली, म्हणजे रस्ता तरी दिसेल. संध्याकाळी टॉवेलच्या घड्या घालत होतो आणि वरून तो आवाज आला, दोनदा, खाली आणि वर. तो मार्ग घ्यायला दुसरं कोणी तयार नव्हतं म्हणून तू घेतलास आणि आम्हा दोघांना बरं वाटेल म्हणून तू आपणहून खूण केलीस. तुझा यात काही दोष नाही. पण झटक्यानंतर एक अक्षर न बोललेली तुझी काकू खिडकीकडे तोंड करून म्हणाली, आली. मी काय म्हणायला हवं होतं? मी म्हणालो, हो, आली.

त्या एका ‘हो’वर हे सगळं उभं आहे. पोरीला कंपनीने पलीकडच्या टोकाला ठेवलंय, राहायला खोली दिलीय, माणसं कमी आहेत म्हणून रजा देत नाहीत, जाता-येता घरावरून जाते तेवढीच, असं मी सांगितलं. काकू ऐकायची आणि डाव्या हाताने पांघरुणाची सुरकुती काढायची. रोज संध्याकाळी फोन करून आज काय नेलंस असं मी तुला का विचारायचो, ते आता तुझ्या लक्षात येईल. तू थट्टा करायचास, काका, एवढी हौस असेल तर या कामाला, उचलायला माणूस पाहिजेच आहे. फोन ठेवला की मी चष्मा लावायचो आणि तुझा दिवस तिचा निरोप म्हणून काकूला वाचून दाखवायचो. तुझे टायर, तुझी औषधांची खोकी, तो नाटकवाल्यांचा पडदा जो आत मावेना. मधमाश्यांच्या पेट्या नेल्यास तेव्हा एक सुटली आणि तुझ्या कानाला डसली. मी विचार न करता तेही वाचलं. पुढे किती दिवस काकू संध्याकाळी आपल्या कानाला हात लावून माझ्याकडे बघायची. सूज उतरली का, असं डोळ्यांनीच विचारायची. मी सांगायचो, उतरली. दुसऱ्या दिवशी पुन्हा कानाला हात.

मी आयुष्यात कधी गोष्ट रचली नव्हती. साधी आजारपणाची रजासुद्धा मला खोटी मागता आली नाही. पण हे जमायला लागलं, आणि त्याचीच मला भीती वाटते. एक दिवस तू सकाळपासून उपाशी आहेस म्हणालास. मी फोन ठेवला आणि पोरीवर चिडलो, एवढी मोठी झाली, स्वतःचं पोट सांभाळता येत नाही. पातेलं हातात घेऊन हे सगळं मोठ्याने बोलत होतो. मग कळलं मी कोणाबद्दल बोलतोय ते, आणि पातेलं खाली ठेवायलाही सुचेना. तिच्या मावशीने मागे मला टोचून विचारलं, भावजी, तुमच्या डोळ्यांत पाणी कसं नाही? ज्या घरात पोरगी रोज संध्याकाळी येते त्या घरात मी कोणासाठी रडू, शेपट्या? आवाज आला की मीही मान वर करतो. त्या तेवढ्या वेळात मलाही ती वर असते.

आणि काकू सुधारतेय. हे वाईट वाटून लिहावं लागेल असं कधी वाटलं नव्हतं. आधी ती व्यायामाला हात लावू द्यायची नाही. आता विमानाची वेळ झाली की खाटेवरून उतरते, भिंतीला धरून पाय ओढत खिडकीपर्यंत जाते आणि उभी राहते. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी कौतुक करते, लेकीच्या ओढीने चालतायत हो, असंच चालू ठेवा. मीही समजत होतो की ही खिडकीसाठी चालतेय. मागच्या आठवड्यात तिने कपाटाकडे बोट दाखवून चपला काढायला लावल्या. उजवी चप्पल पायात राहीना, तर मी तिला मागून पट्टी शिवून दिली. चपला घालून ती उभी राहिली, माझी बाही धरली आणि एकेक शब्द ओढून काढत म्हणाली, तिला, एकदा, उतर, म्हणावं. मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि दाराकडे बोट केलं. आपण जाऊ, असं. इतके महिने ती खिडकीपर्यंत चालत नव्हती रे. धावपट्टीच्या कुंपणापर्यंत जायची तयारी करत होती. तेव्हापासून रोज संध्याकाळी चपला घालूनच बसते.

म्हणून हे पत्र. तुझ्या जागी येणाऱ्याला ती खूण शिकवू नकोस. तो भला असेल, रोज करेलही. मग तास जमले की तोही जाईल आणि पुढच्याला शिकवून जाईल. मी त्यालाही फोन करून विचारत राहीन, आज काय नेलंस. आणि ही चपला घालून बसेल. हे मला झेपणार नाही. गुरुवारी तुझी शेवटची फेरी. त्या दिवशी नेहमीसारखा आवाज कर. शुक्रवारी नवा माणूस काही न करता सरळ निघून जाईल. काकू खिडकीत उभी असेल. ती थोडा वेळ वाट बघेल आणि मग मागे वळून माझ्याकडे बघेल. तेव्हा मला सांगावं लागेल. मोरीतला नळ सोडून मी ते वाक्य म्हणून पाहिलंय. ‘आपली’पर्यंत येतो, पुढचा शब्द निघत नाही. तू दोनदा भेटायला येतो म्हणालास आणि दोन्ही वेळा मी तुला टाळलं, आता तुला त्याचं कारण कळलं. या शुक्रवारी ये, विमानाच्या आधी ये. सुरुवात मी करेन. अडलो तर पुढचं तू सांग. हे दुसऱ्या कोणाला सांगता येण्यासारखं नाही. तुम्ही दोघांनी लग्नाचं ठरवलं होतं ते पोरीने मला सांगितलं होतं. आई घरी आली की आईला मीच सांगेन, तोवर तुम्ही बोलू नका, असं बजावलं होतं. तेही राहिलंय. ते तू सांग. आणि एक, तो पांढरा शर्ट आणि खांद्यावरच्या पट्ट्या घालून येऊ नकोस. काकूला लांबचं नीट दिसत नाही. फाटकातून कोणी तसं आत येताना दिसलं, तर तिला वाटेल, उतरली.

तुझाच,
तिचा बाबा