बाबाजींसमोर कसं सांगणार?

२ फेब्रुवारी
आग लागो या कॅनडातल्या ब्रॅम्प्टनच्या थंडीला. सकाळी उठून सासऱ्यांच्या दारातला बर्फ उपसला. आमच्या पंजाबात जावई सासरी गेला की बसायला खुर्ची आणि पराठ्यावर लोणी. इथे हातात फावडं. शी!
पण थोडेच दिवस. अवनीत इथलीच, तिने मला नवरा म्हणून स्पॉन्सर केलंय. स्टुडंट परमिट मेमध्ये संपतंय, त्याआधी कायमचे कागद येणारच. न यायला काय झालं? मग हा भिकार डिप्लोमा सोडून ट्रकची कंपनी काढणार.

९ फेब्रुवारी
इंटरव्ह्यूचं बोलावणं. म्हणे लग्न खरं की कागदांपुरतं, ते तपासणार. लग्नात अख्खं गाव जेवून गेलं, ते काय आंधळं होतं? अवनीत म्हणते सराव करूया, माझ्याबद्दल विचारतील. मी म्हटलं, लग्न आहे की बोर्डाची परीक्षा? उद्यापासून मात्र नक्की.

१५ फेब्रुवारी, रविवार
सराव. तिला खायला काय आवडतं? मी म्हटलं, राजमा. ती म्हणाली, राजमा तुला आवडतो, मला नाही. मग एवढा कशाला करते?
तेवढ्यात सासूबाई चहा घेऊन आल्या, आणि आम्ही दोघं एकाच सोफ्यावर! मी टुणकन उठून भिंतीशी जाऊन उभा राहिलो. मोठ्यांसमोर बायकोला चिकटून बसायचं म्हणजे किळसच. इथे लोक बस स्टॉपवर मुके घेतात, बघवत नाही. अवनीत रुसली. इथे जन्मलेल्यांना लाज कशाशी खातात ते ठाऊक नसतं.

२३ फेब्रुवारी
कॉलेजात पास्ता खाल्ला. भिजलेला पुठ्ठा. डोकं दुखलं, म्हणून सराव रद्द. अवनीत म्हणाली, इंटरव्ह्यू झाला की तुला एक गोष्ट सांगायचीय. हसत होती. गाडी घेतली असणार. काळी हवी, सुचवून ठेवलं पाहिजे.

४ मार्च, सकाळ
आज इंटरव्ह्यू. माझं इंग्लिश फर्स्टक्लास आहे, तरी पंजाबी दुभाषा मागितलाय. ऑफिसरला माझं इंग्लिश झेपलं नाही तर?

४ मार्च, दुपार
दुभाषा म्हणजे पांढरीशुभ्र दाढी, निळी पगडी, माझ्या आजोबांच्या वयाचे बाबाजी. मी आधी पाय शिवले. ऑफिसर मॅडम बघतच राहिल्या. इम्प्रेस झाल्या.
मग मॅडमनी विचारलं, तुम्ही दोघं एका खोलीत झोपता का? आणि बाबाजींनी ते जसंच्या तसं पंजाबीत मला विचारलं! जीभ रेटली तरी कशी? मी मान खाली घालून सांगितलं, छे छे, ती वर, मी बेसमेंटमध्ये. कधी दोघंच फिरायला जाता? म्हटलं, आम्ही मर्यादेतली माणसं, बाबाजी. छान चाललं होतं.
मग दुसऱ्या खोलीतून अवनीतला आणलं. मॅडम म्हणाल्या, तुमची बायको सांगते तिला तिसरा महिना आहे. तुम्ही म्हणता वेगळे झोपता. खरं काय?
अवनीत माझ्याकडे बघत होती. बाबाजीही. मी टेबलाकडे बघत होतो. बाबाजींनी दोनदा विचारलं, दुसऱ्यांदा अगदी हळू, पुत्तर म्हणून. त्यांच्यासमोर असलं कसं सांगणार? अवनीतने पर्स उचलली आणि निघून गेली.

५ मार्च
अवनीत म्हणते, ‘माझंच आहे’ एवढंच बोलायचं होतं. मी म्हटलं, अगं, बाबाजी होते. ती म्हणाली, कोण लागतात रे ते तुझे? बाळाचे तरी कोण लागतात? मी म्हटलं, वयाचा मान असतो. तिने माझं अंथरूण बेसमेंटमध्ये टाकलं. म्हणजे माझा जबाब आता शंभर टक्के खरा आहे.
उद्या मॅडमना सविस्तर ईमेल लिहिणार. एका दिवसाचं काम.

११ मार्च
ईमेल लिहायला बसलो. ‘रिस्पेक्टेड मॅडम’ झालं. पुढचं लिहिताना कान तापले. बाईमाणसाला असलं लिहायचं म्हणजे! उद्या नक्की.

२० मार्च
अवनीतने अर्ज मागे घेतला. ओरडली नाही, रडली नाही, नुसतं सांगितलं. सासऱ्यांनी विचारलं, विमानात खिडकीची सीट हवी का. पहिल्यांदाच इतके गोड बोलले. ओकारी आली.
सोनोग्राफीला ती आईला घेऊन गेली. फोटो फ्रिजवर लावलाय. घरातल्या सगळ्यांनी बघितला, शेजारीण बघून गेली. मला कोणी बोलावलं नाही.
दुपारी कोणी नाही बघून बेसमेंटमधून वर स्वयंपाकघरात गेलो. फोटोतल्या अंधारात पांढरं काहीतरी. डोकं कुठलं ते शोधत होतो, तेवढ्यात सासूबाई आल्या. मी फ्रिज उघडला, पाण्याची बाटली घेतली आणि खाली आलो.