शेंदराखालचा चेहरा

बा, तुझा देव परत आला असं गावात सगळे म्हणतात. टेकडीवर त्याच जागी, सिमेंटच्या नव्या ओट्यावर त्याला उभा केलाय. भोवती जाळी, जाळीला कुलूप, बाजूला सरकारची निळी पाटी. सून शेतावर गेली आहे, मी चुलीजवळ पाट घेऊन हे लिहायला बसलोय. शिक्षण चौथीपर्यंतचं, ओळ वाकडी जाते. तू गेलास तेव्हा माझा मुलगा रांगत होता, आता त्याचे केस पिकायला लागलेत. इतक्या वर्षांत तुला काही सांगावं असं कधी वाटलं नाही. आता मात्र टेकडी उतरताना रोज वाटतं, तू मागून चालतोयस आणि काहीच विचारत नाहीस. विचारलं असतंस तर बरं झालं असतं.

दिवाळीच्या तोंडावरच्या वाघबारशीची सकाळ मला अजून दिसते. तू इथेच बसला आहेस, आईच्या पितळी वाटीत शेंदूर आणि तेल बोटानं कालवतो आहेस. "दुसरी वाटी नाही मिळाली? त्यातून पोरं ताक पितात," आई म्हणते. "देवाचा शेंदूर आहे," तू म्हणतोस. "मग देवाला सांग, जाताना वाटी घासून जा म्हणावं." तू हसत हसत उठतोस, मी तुझ्यामागे टेकडी चढतो. पडक्या देवळाच्या मागे देव उभा असतो, माझ्या छातीएवढा, लालभडक, ना नाक ना डोळे. आजापणजानं लावलेल्या शेंदरावर तू आपला शेंदूर लावतोस. आत काय आहे ते बघायला मी एकदा खालच्या कडेला नखानं खरवडलं, तेव्हा तू माझं मनगट धरलंस, दुखेल इतकं. "त्याचं तोंड बघून काय करणार तू? त्याला तू दिसतोस ना, झालं तर." तुझ्यामागे मीही तसाच लावत राहिलो, जाड, कुठे फट राहू नये असा.

गेल्या वर्षी भात कापून झाल्यावर गुरं घेऊन गेलेल्या एका बाईनं येऊन सांगितलं की देव जागेवर नाही. आम्ही पळत गेलो. नुसता खड्डा होता आणि कडेला पहारीचे घाव. देवाची जागा अशी उघडी ठेवणं कुणालाच बरं वाटेना. सगळ्यांत म्हातारा मी, म्हणून मीच म्हटलं, माती लोटा, वर नारळ ठेवा. पोरांनी खड्डा चोपून सपाट केला. मग पुरातत्त्व खात्याच्या मॅडम आल्या, माझ्या नातीच्या वयाच्या. ती सपाट जागा बघून त्यांनी कपाळाला हात लावला. "आजोबा, खड्डा तसाच ठेवायचा ना. दगडाचा बुडखा मापून जुळवता आला असता." तरी रागावल्या नाहीत. टेकडी संरक्षित आहे, तिथला फुटका दगडसुद्धा कुणी हलवायचा नाही, विकला तर तुरुंग आहे, असं सगळं त्यांनी समजावून सांगितलं. पण चोर सापडला तरी दगड इथलाच होता हे कुणीतरी ओळखून सांगावं लागतं. "तुमच्याकडे फोटो असेल ना?" मी विचारलं. "आहे," त्या म्हणाल्या, "शेंदराचा."

पुढे तलासरीजवळ हायवेला गुजरातकडे निघालेला एक टेम्पो पकडला. फरशांच्या खोक्यांखाली तीन दगड निघाले. मुलगा मला मोटारसायकलवर बसवून पोलीस ठाण्यात घेऊन गेला. आवारात ताडपत्रीवर तिन्ही निजवलेले होते, शेंदूर घासून काढलेले, अगदी नागवे. तिन्ही सारख्याच उंचीचे. एकावर घोडेस्वार, एकावर वाघ आणि वर चंद्रसूर्य, एकावर नुसता माणूस, हात छातीशी धरलेला. टेम्पोवाला म्हणे, मी फक्त भाडं मारतो, कुठून काय भरलं मला ठाऊक नाही. आणि भरणारा अजून सापडलेला नाही. मी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे बघत राहिलो. हवालदार म्हणाला, "काय बाबा, जन्मभर पुजलंत आणि ओळख पटेना? मधला अंतरपाट कुणी काढलाच नव्हता काय?" सगळे हसले, माझा मुलगाही हसला. मॅडम तेवढ्या हसल्या नाहीत. "घाई नाही आजोबा. खात्री असेल तरच सांगा. नसेल तर तसं लिहू, शोध चालू राहील."

मी खाली बसून तिन्हींना हात लावून बघितला. तिन्ही गार. शेंदराखाली आपला देव कधी असा गार लागायचा नाही. वाघबारस वाघाची, तेव्हा वाघाचाच असणार, असं डोकं सांगत होतं, बाकी अंगातून काही उमटेना. मुलगा कानाशी लागला, "बाबा, सांगून टाका ना. गाव वाट बघतंय." मी वाघावर बोट ठेवलं. "हाच?" मॅडमनी विचारलं. "हाच," मी म्हटलं आणि सही केली.

कोर्टाच्या परवानगीनं तो परत आला. ढोल वाजला, पोरं नाचली. तेल-शेंदूर लावायला मनाई आहे, म्हणून तो आता उघड्या तोंडानं उभा असतो. बाकीचे दोन डहाणूला सरकारी खोलीत आहेत, त्यांना ओळखायला अजून कुणी आलं नाही. आपला त्या दोघांत असेल तर निदान छपराखाली तरी आहे. पण तिघांतही नसेल तर? मग तो कुठल्या तरी परक्या देशात, बंगल्याच्या जिन्याखाली, अंगावर दिव्याचा झोत सोडलेला, येणाऱ्याजाणाऱ्याला तोंड दाखवत उभा असेल. आणि इथे त्याला कुणी शोधत नाही, कारण मी हाच म्हटलं. हा जो आपल्या टेकडीवर आणलाय, त्याच्यासाठीही एखाद्या पाड्यावर माझ्यासारखाच कुणी म्हातारा खड्ड्यापाशी बसला असेल. तो मला दिसतो. भाकरी मोडताना दिसतो, गोठ्यात वाकलो की दिसतो. मॅडमचा नंबर मुलाच्या फोनमध्ये आहे. पण आता शब्द फिरवला तर टेम्पोवाला सुटेल आणि हाही जाईल, मग गावाला काय तोंड दाखवू? दोनदा मुलाला हाक मारली. दोन्ही वेळा "पाणी दे" म्हणालो.

हे टाकायचं कुठे ते मला ठाऊक नाही. सून येऊन चूल पेटवायच्या आत घडी करून खिशात ठेवतो. एवढं मात्र तुला सांगतो. काल जाळीपाशी सगळ्यांनी हात जोडले, तसे मीही जोडले. शेजारच्यांना दिसावं म्हणून ओठ हलवत राहिलो. आतून काहीच म्हणत नव्हतो.