समुद्रास सक्त मनाई

४ जानेवारी
नगरपालिकेत माझा किनारा-आराखडा मंजूर. डेन्मार्कमधल्या युटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर इतकी सरळ रेषा आजवर कुणी मारली नसेल. रेषेच्या पुढे समुद्राने हवं ते खावं. मागे पन्नास वर्षं त्याला सक्त मनाई. वडिलांनी बांधलेलं आमचं लाकडी घर रेषेच्या मागे येतं. निव्वळ योगायोग. संकल्प: यंदा कुणाची गय नाही.

१९ जानेवारी
आमच्या पुढच्याच घरातल्या गुद्रूनबाईंचा अर्ज. कडा ढासळतोय, घर मागे सरकवू द्या. मागे म्हणजे संरक्षित वाळूच्या टेकड्यांवर. नामंजूर. कारण लिहिलं: ‘भावनेपेक्षा भूदृश्य मोठं.’ वाक्य झकास जमलंय. बाईंचा फोन. म्हणाल्या, बाबा रे, तुझी ती रेषा समुद्राला दाखवलीस का? अडाणीपणाला औषध नाही.

२ मार्च
गुद्रूनबाईंनी अख्खं घर ट्रेलरवर चढवून आतल्या बाजूच्या आपल्या शेतात नेलं, झेंड्याच्या खांबासकट. निरोपाला सगळी वस्ती कॉफी-केक घेऊन हजर. मला कुणी केक विचारला नाही. असो. आता आमच्या खिडकीतून थेट समुद्र दिसतो, तोही फुकटात. बायको टोवे म्हणाली, आपणही हलू या. तिला रेषा पुन्हा समजावली.

२३ जून
किनाऱ्यावर दरवर्षीची मध्य-उन्हाळ्याची होळी. जाळायच्या गवती चेटकिणीच्या हातात यंदा कुणीतरी फूटपट्टी दिली होती. अर्थ कळला नाही.

१८ ऑक्टोबर
वादळ. आमच्या पायऱ्या गेल्या. रेषा जागेवर आहे. नकाशात पाहून खात्री केली.

२० ऑक्टोबर
रात्री तीनदा उठून टॉर्चने कडा बघितला. कॉफी जास्त झाली असणार.

५ नोव्हेंबर, रविवार
सगळे हँडबॉलची मॅच बघत असताना कड्याखाली दगड रचले. आराखड्यात दगडांना बंदी आहे. पण ती ज्यांना आराखडा कळत नाही त्यांच्यासाठी.

१३ नोव्हेंबर
तक्रार झाली. माझ्या हाताखालच्या सिग्नेने मलाच नोटीस काढली: दगड उचला. मसुदा माझाच, त्यामुळे एकही चूक सापडली नाही.

१७ नोव्हेंबर
दगड समुद्राने उचलले. नोटिशीचं पालन मुदतीत.

३० नोव्हेंबर
घर मागे सरकवायला परवानगी मागितली होती. अर्जदार मीच, म्हणून निर्णय सिग्नेकडे. नामंजूर. कारण: भावनेपेक्षा भूदृश्य मोठं. घरी येऊन ओरडलो, असलं भिकार वाक्य लिहितं कोण? टोवे म्हणाली, तूच की रे.

६ डिसेंबर
व्हरांडा गेला. रात्री सहादा उठलो. आठवडाभर कॉफी घेतलेली नाही.

१० डिसेंबर
घर ट्रेलरवर चढलं. निरोपाला कुणी नाही, केक नाही. वळणावर दार आपोआप उघडत होतं, वडील आत बोलावतायत असं वाटलं. मला रडू आलं.

अख्ख्या पंचक्रोशीत जागा द्यायला एकच माणूस तयार झालं. टोवेनेच विनवण्या केल्या होत्या. गुद्रूनबाई म्हणाल्या, ठेव बाबा घर, पण माझ्या घराच्या मागे, गोठ्याकडे तोंड करून. मग काठीने चिखलात रेषा ओढली आणि म्हणाल्या, हिच्या अलीकडे यायचं नाही. रेषा चांगलीच वाकडी होती. मी पलीकडे जाऊन उभा राहिलो.