आजींसकट विकलेलं समुद्राकाठचं घर

माणूस मेल्यावर त्याच्या वस्तू विकतात. माझ्या चिरंजीवांनी वस्तूंबरोबर माणूसच विकून टाकलं, तेही जिवंत असताना, समोर बसवून. हे आधी लिहिते, कारण रीतीचं लिहीत बसले की खरं राहून जातं.

आता रीतीचं. मी, पडदे शिवणारी, वय अठ्ठ्याहत्तर, शाळा चौथीपर्यंत, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. बाकीची मी कुठे आहे ते पुढे येईल. हात धरून कोणी लिहून घेतलेलं नाही. या घरात माझा हात धरायला वेळ कुणाला आहे? शेजारच्या वकीलबाईंनी कच्चं वाचलं आणि म्हणाल्या, असं मृत्युपत्रात लिहीत नाहीत. मी म्हटलं, मरणार कोण आहे, तुम्ही की मी?

वरची राहती जागा आणि खालचं पडद्यांचं दुकान, दोन्ही सुनेला. सून बोलायला तिखट आहे, पण जी वस्तू आपली नाही ती तिने कधी कुणाला विकली नाही. शिलाई मशीन आणि कापडाचे तागे तिलाच. कापडाची मोठी कात्री माझ्या नणंदेच्या हाती लागू देऊ नये. तिने त्या कात्रीने कागद कापले होते. मी विसरलेले नाही.

चिरंजीवांचा धंदा परदेशातली समुद्राकाठची घरं विकण्याचा. काचेच्या भिंती, दाराशी पोहायचा तलाव, पलीकडे लगेच दर्या. रिकामं घर लोकांना आवडत नाही, हे त्यांनी लवकर हेरलं. म्हणून गिऱ्हाईक यायच्या आधी मला नेऊन खिडकीतल्या खुर्चीत बसवायचे आणि हातात काहीतरी शिवण द्यायचे. म्हातारी निवांत बसलेली दिसली की लोकांना वाटतं, इथला वारा बाधत नाही, जिना गुडघ्यांना झेपतो. अशी बरीच घरं विकली गेली आणि दर वेळी मी परत आले. काही झालं नाही, कारण माझ्याबद्दल कुणी विचारलं नव्हतं.

मग एका सिमेंटवाल्या गिऱ्हाइकाने विचारलं.

दोघांचं घोडं चलनावर अडलं होतं. सिमेंटवाल्याला आपल्याकडच्या पैशात व्यवहार करायचा होता, चिरंजीवांना डॉलरच हवे होते, आणि डॉलर चढत चालला होता. शेवटी सिमेंटवाला माझ्याकडे बघून हसला.

"डॉलर देतो. पण मग आजींसकट."

"घ्या, आजींसकट," चिरंजीव म्हणाले. "झाला सौदा."

हातात हात दिले, सगळे हसले. मी म्हटलं, शब्द मागे घे. तर म्हणाले, आई, गंमत केली गं.

सौद्यात गंमत नसते. माझ्या दुकानात एका बाईने पडदा घेताना "दांडीसकट ना?" असं विचारलं. मी दुसऱ्याच गिऱ्हाइकाशी बोलत होते, मान हलवली गेली. मग भिंतीतले स्क्रू काढून दुकानाची दांडी तिच्या हातात दिली. बोललं की गेलं. दुकानात वाढूनही ज्याला हे कळलं नाही, त्याला मी काय शिकवू?

मी घरी आले. विमानाने, सगळ्यांच्या देखत. थोड्या दिवसांनी सिमेंटवाल्याच्या बायकोचा आमच्या घरच्या फोनवर फोन आला. सुनेने घेतला. ती बाई फार अवघडून बोलत होती. तुमच्या सासूबाई अजून इथेच आहेत, त्यांचा त्रास काही नाही, खातही नाहीत, पण किती दिवस राहणार तेवढं कळलं असतं तर बरं. सुनेने फोन कानाशी धरून माझ्याकडे पाहिलं. मी समोर जेवत होते.

मग त्या बाईने फोटो पाठवला. खिडकी, खुर्ची, मी. अंगावर राखी शाल. ती शाल मी परत आल्यावर सुनेने मला घेतली होती. त्या घराने ती कधी पाहिलेली नाही.

तेव्हापासून माझ्या शालीची कड ओली असते. वाळली की पांढरं मीठ धरते. दुपारी डोळा मिटला की समोर पाणी. नशीब बघा, तिकडचीला मऊ खुर्ची आणि दर्या, इकडचीला टिपा मारायच्या.

चिरंजीवांना फोन करायला लावला. म्हटलं, आईला वगळून सौदा पुन्हा करा, सांगाल त्या चलनात पैसे परत देतो म्हणावं. सिमेंटवाला तयार होईना. म्हणाला, आता आम्हाला सवय झाली आहे, मुलं त्यांच्या पायाशी बसून अभ्यास करतात, त्या उठल्या तर घर खायला उठेल. चिरंजीवांनी फोन ठेवला. त्या दिवसापासून माझ्या नजरेला नजर देत नाहीत.

आता साठवलेले पैसे. कुठलं चलन चढतंय ते बघू नये, ज्या देशात मरायचं त्या देशाचा पैसा उशाशी ठेवावा, असं मी जन्मभर सांगत आले. आता मलाच कळत नाही मी कुठे मरेन. म्हणून निम्मे इथले ठेवले, निम्मे तिकडचे करून घेतले. बँकेतला कारकून म्हणाला, आजी, आज भाव वाईट आहे. मी म्हटलं, माझा वेगळा आहे का? इथल्यांतून माझी शेवटची सोय करावी, उरतील ते नातीला. तिकडचे तिकडे लागतील. कशाला, ते चिरंजीवांनी समजून घ्यावं.

ज्यासाठी लिहायला बसले ते आता. चिरंजीवांकडे नवं घर विकायला आलं आहे. मुलांची वेगळी खोली, बाहेर झोपाळा, खाली वाळू. सुटीत नातीला तिकडे नेणार म्हणतात. झोपाळ्यावर लहान मुलगी दिसली की तरुण जोडपी लगेच विरघळतात म्हणे. पोरगी आठ वर्षांची, तिने बॅग भरलीसुद्धा. मी विचारलं, कुणी हसत म्हणालं, मुलीसकट, तर?

"मी नाही म्हणेन, आई."

"डॉलर चढत असताना?"

चिरंजीवांनी फोन काढून डॉलरचा आजचा भाव पाहिला.

म्हणून हे कलम सगळ्यांत वरचं समजावं. नातीचा पासपोर्ट ती सज्ञान होईपर्यंत सुनेच्या कुलपात राहील. विकायच्या कुठल्याही घरात तिचं पाऊल पडलं, तर त्या दिवशी चिरंजीवांनी या घरातून निघावं. घर सुनेचं आहे, तिने आतून कडी लावावी. रडले तरी उघडू नये. रडणं त्यांना लहानपणापासून छान जमतं.

साक्षीदार: शेजारच्या वकीलबाई (सही). पडद्यांच्या दांड्या पुरवणारे काका (सही).
लिहून देणार: पडदेवाली आजी (सही).
ठिकाण: दुकानातली कापड कापायची फळी. वकीलबाई म्हणाल्या, ठिकाण एकच लिहायचं असतं.
दिनांक: अकरा फेब्रुवारी, बुधवार.

सहीखाली जागा उरली आहे. मी गेले म्हणून तिकडची जाईल असं नाही. ती विकलेली आहे, माझ्या मरणाशी तिचा संबंध नाही. इकडची माती झाली की तिकडून फोन येईल. आवाज माझाच असेल. नात धावत सुटेल, तिला धरून ठेवा. सुनेने उचलू नये. मी एवढंच विचारणार आहे, न्यायला कधी येतोस. फोन माझ्या मुलानेच घ्यायचा, आणि उत्तर त्याने एकट्याने द्यायचं.