माळ्यावरून काढलेला कॉम्प्युटर

पप्पा, तुम्ही कामावर, लूमच्या खात्यात नेऊन हवा मारून आणलेला तो कॉम्प्युटर काल दुपारी चालू झाला. हे दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही, म्हणून तुम्हाला लिहायला बसलोय. डिंडोलीची खोली आता सोडायची आहे. आई ताईकडे राहायला जाणार, आणि मी सामान उतरवायला आलोय. नाहीतर माझा पाय कुठे ठरतो? दहावीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. वापीला एका गोदामात होतो, मग सिल्वासा, मग नाशिककडे एका ढाब्यावर. तिथला मालक आचाऱ्याशी भांडला की रागारागात स्वतः रोट्या लाटायचा, आणि त्या अशा व्हायच्या की गिऱ्हाईक भांडण मिटवायला आत यायचं. ते जाऊ द्या. सांगायचं हे, की मधले काही महिने मी कडोदऱ्याला कॉम्प्युटर रिपेरिंगच्या दुकानात होतो. तिथे जे थोडंफार शिकलो, त्यानंच काल घोळ केला.

तो उन्हाळा तुम्ही विसरला नसाल. ताईचा कॉम्प्युटरचा क्लास चालू होता, आणि घरी सराव पाहिजे म्हणून तुम्ही जुनं मशीन आणलेलं. दुपार झाली की ते आपोआप बंद पडायचं. ताई ओरडते, ‘पप्पा, परत गेला!’ तुम्ही बाजूचा पत्रा काढता, आत वाकून बघता आणि हसता. पंख्यावर सुताची गादी बसलेली. तुमच्या कपड्यांतून, केसांतून लूमचं खातं, सूत होऊन, रोज थोडं थोडं घरी यायचंच. ‘आमच्या लूमला होतं तेच याला झालंय. श्वास कोंडलाय बिचाऱ्याचा,’ तुम्ही म्हणालात. पाळी सुटली की तुम्ही सगळे कारागीर कॉम्प्रेसरच्या हवेचा पाइप अंगावर फिरवून सूत उडवायचे आणि मगच गेटबाहेर पडायचे. तुमच्या लेखी त्या पाइपानं साफ होणार नाही अशी वस्तू जगात नव्हती. आठवड्यात एकदा वीज बंद म्हणून लूमही बंद असायचे, त्या लाइटच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी तुम्ही कॅबिनेट चादरीत बांधून सायकलला लावलं आणि पांडेसऱ्याला घेऊन गेलात. परत आणलंत तेव्हा आतून नवीन भांड्यासारखं लखलखत होतं.

बटण दाबलं. दिवा लागला, पंखा फिरला, स्क्रीन मात्र काळी. आतून नुसतं बीप, बीप, बीप. शेजारचे काका दारातून म्हणाले, ‘काय रे भाऊ, याला पण लूमचं तेल पाजलं काय?’ सगळे हसले, तुम्हीसुद्धा. मग रिपेरिंगवाला आला. त्यानं आत बोट फिरवलं आणि ताईच्या देखत तुम्हाला विचारलं, ‘हवेच्या पाइपातून पाणी येतं, माहीत नाही? बोर्ड खलास. ये क्या लूम है, चाचा?’ तुम्ही पत्रा परत बसवलात. तो गेल्यावर आईला एवढंच म्हणालात, ‘मी आधी हातावर सोडून बघितली होती हवा. कोरडी होती.’ आणि नंतर, कुणी न विचारता, ‘दुसरा आणतो.’

त्या दुसऱ्यासाठी तुम्ही डबल पाळी धरलीत. एका सकाळी डबल करून येताना सायकलवरच तुमचा डोळा लागला, आणि मागून टेम्पो आला. ताईनं क्लास सोडला, घरात साड्यांना चमकीचे स्टोन चिकटवायला बसली. आईनं कॅबिनेट माळ्यावर ढकललं. विकलं नाही आणि बघितलंही नाही.

काल आई शेजारणींचा निरोप घ्यायला खाली गेली होती. ताई भांडी बांधत होती. मी माळा रिकामा करता करता, असाच, हात लागला म्हणून, कॉम्प्युटरचा पत्रा उघडला. मला हातातलं काम सोडून भलतंच उघडायची खोड आहे, तुम्हाला माहीत आहे. जुना डबा मॉनिटर जोडला, वायर हलवून बघितली, बटण दाबलं. तेच बीप. आणि पप्पा, तो आवाज मी ओळखला, कारण दुकानात तो रोज यायचा. रॅम नीट बसली नाही की मशीन तसं ओरडतं. मी रॅमची पट्टी ओढून काढली. खाचेत सुताचा एक बारीक गोळा अडकला होता, तुमच्या हवेनं पंख्यावरून उडून तिथे जाऊन बसलेला. तो सुईनं काढला, ताईच्या पोराचं खोडरबर घेऊन पट्टीचे पिवळे दात घासले आणि पट्टी परत दाबून बसवली. स्क्रीन उजळली. आतला सेल मेलेला, त्यामुळे तारीख भलतीच दाखवत होती, पण चालू झाला.

ताईच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. ती स्क्रीनजवळ आली. मग म्हणाली, ‘म्हणजे काहीच झालं नव्हतं?’

‘रॅम होती नुसती.’

‘म्हणजे एका रबराचं काम होतं. आणि पप्पा...’ जिन्यावर आईच्या चपला वाजल्या. ताईनं माझं मनगट धरलं. ‘बंद कर. आईला सांगितलंस तर बघ. पप्पा कॉम्प्युटरपायी गेले, एवढं तिनं कसंबसं गिळलंय. ते उगाच गेले, हे तिला गिळायला लावू नकोस.’

मी प्लग ओढला. आई दारात उभी राहिली. ‘काय करी ऱ्हायनात रे? चालू व्हयनं का ते?’

‘नाही,’ मी म्हणालो.

‘व्हनार बी नई. माणूस खाईसन बसेल शे ते. दी टाक भंगारले.’

आज सकाळी भंगारवाला घेऊन गेला. मीच खाली उतरवून दिला. ताई बाहेर आली नाही. तुमच्या हवेत पाणी नव्हतं, पप्पा. हे तुम्हाला त्या संध्याकाळी कुणीतरी सांगायला पाहिजे होतं. आई मला खोटारडा म्हणणार नाही, कारण तिला कधी कळणारच नाही. आणि हा कागदही मी तिच्या सामानात ठेवणार नाही, कुठे ठेवीन तेही माहीत नाही.

एक गोष्ट मात्र तुमच्यापासून लपवत नाही. स्क्रीन उजळली तेव्हा मला तुमची आठवण आली नाही. ताई बोलेपर्यंत मी खूश होतो, नुसता खूश, की आपल्याला जमलं.