तांगतांगची तहान

४ जुलै
हो हो, येतंय मला अजून लिहायला. अहो, नवरोबा, तुम्ही वर बसून हसू नका. मेलात तेव्हापासून तुमचं ऐकायचं सोडलंय मी. गाव सोडून इथं शहरात बाळ सांभाळायला लागले. तांगतांग नाव, चार महिन्यांची, गाल मऊ उकडलेल्या पावासारखे. आई युएचान बुटांच्या कारखान्यात, बाप ट्रकवर. घरात युएचानची सासू, पान आजी. मला बघताच म्हणाली, ही बया भाताचं पातेलं चाटूनपुसून ठेवणार. म्हटलं, आजी, तुमचे दात गेले, माझे शाबूत आहेत, कुणीतरी चावायला नको? खो खो हसली. जमणार आमचं.

८ जुलै
पोरीच्या डोळ्यांना चिपडं. आजी म्हणते, डब्याच्या दुधाची उष्णता, दुधामागून कोमट पाणी पाजा. आपल्यात कोण पाजत नाही? पण युएचाननं फोनवर वाचलंय, सहा महिने पाण्याचा थेंबसुद्धा नाही. आजी म्हणाली, तुझा नवरा काय फोननं वाढवला होता गं? युएचान दार आपटून कामावर गेली. ती जिना उतरते न उतरते तोच आजीनं वाटी काढली. मी खिडकीबाहेर बघत बसले.

१३ जुलै
पोरगी पाण्यासाठी वेडी झालीय. बाटली दिसली की तोंड पुढं. दूध मात्र अर्धं टाकते. लंगोट धुऊन धुऊन हात पांढरे पडले, शी म्हणावी तर नाही, नुसतं पाणीच पाणी. आजी खूश, म्हणे आग उतरली. आज मोरीत युएचानला पकडलं, उष्णता उतरवायला शेवंतीची फुलं उकळलेलं पाणी चमच्यानं पाजत होती! कारखान्यातल्या बायकांनी डोकं खाल्लं म्हणाली, आईंना सांगू नका मावशी. मी चिडवलं, फोनला विचारलंस का?

१६ जुलै
गाल फुगलेत. शेजारणी म्हणतात बाळसं धरलं. बोट दाबलं की खळगा तसाच राहतो. एवढ्या उकाड्यात हातपाय गार. रडत नाही. झोपते नुसती.

१७ जुलै
डोळे एका बाजूला गेले — ओठ चोखतायत, तोंडात काही नाही. आजी म्हणते, तळ्यात बुडालेलं कुणीतरी हिच्या तोंडानं पितंय. बुडालेल्याला कसली आलीय तहान? आजीनं उंबऱ्यात झबलं हलवलं, जिवाला हाका मारल्या, तांगतांग, घरी ये गं. मग पूजेच्या वाटीतलं पाणी — तेही पाजलं. डोकं मीच धरलं होतं.

१८ जुलै
दवाखाना. झटके. थांबत नाहीत —
डॉक्टरीणबाई विचारतायत, पाणी पाजलं का? एवढ्याशा जिवाच्या रक्तातलं मीठ धुऊन जातं त्यानं. रक्त तपासून येईपर्यंत वेळ जाईल, आत्ता सांगा. आजी म्हणाली, थेंब नाही. युएचान म्हणाली, थेंब नाही. मग बाईंनी माझ्याकडे बघितलं.
मीही तेच.

भूत असतं तर बरं झालं असतं हो.

वाटीनं, चमच्यानं एवढं होत नाही. दुपारी पोर भुकेनं रडायची. दूध कालवत बसलं की शेजारचा माहजोंगच्या सोंगट्यांचा डाव माझ्यावाचून सुरू व्हायचा. म्हणून मी — साध्या पाण्याची बाटली — रोज — निपचित पडेपर्यंत —
बाई परत आल्या. उठते. सांगते त्यांना, की मीच —